बुवा आणि वर्षाची लॅटिन यादी

बुवांना स्पॅनिशचा एक शब्द येत नव्हता, आणि तरी वर्षभरात सर्वांत जास्त खपलेल्या लॅटिन अल्बमांच्या यादीत वर कोण असेल, हे ते मार्च-एप्रिलमध्येच सांगायचे. सहसा चुकायचे नाहीत. मी पुण्यात दहा वर्षं शास्त्रीय गाणं शिकलोय, आणि मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझं रूप फारसं बरं दिसणार नाही.

बुवा मालवणकडचे. गावी डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनांच्या सामन्यात गायचे, म्हणून इथेही सगळे त्यांना बुवाच म्हणत. कुवेतमध्ये रिफायनरीत मचाणं बांधायच्या कंत्राटावर आलेले. मी त्याच प्लँटवर इंजिनियर. महबूला या कामगारवस्तीत एका खोलीत बुवा धरून पाच जण राहायचे. शुक्रवारी सुट्टी असली की बस पकडून सालमियाला आमच्याकडे भजनाच्या सरावाला यायचे. घर माझं, पेटी माझी, चहा आमचा. लोक मात्र बुवांसाठी यायचे.

तेही मी पचवलं असतं. पण माझी मुलगी इरा तेरा वर्षांची, इथेच वाढलेली. मी मराठीत विचारायचं आणि तिनं इंग्रजीत एका शब्दात उत्तर द्यायचं, अशी आमच्या घरची रीत. "शाळा कशी झाली?" "फाइन." वर्गातल्या एका कोलंबियन मुलीमुळे तिला लॅटिन गाण्यांचं वेड लागलं. दर आठवड्याला कुठला अल्बम पहिला आला, कुठला घसरला, याचा तक्ता तिनं फ्रिजच्या दारावर लावला होता. मी एकदा ऐकलं आणि म्हणालो, "हे गाणं नव्हे, नुसता ठेका आहे." त्यानंतर तिनं मला काही ऐकवलं नाही.

बुवा एकदा पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले आणि तक्त्यापुढे थांबले. "गो बाय, ह्या काय?" तिनं सांगितलं. "लाव बघूया." झालं. पुढचा तासभर सरावाची मंडळी बाहेर ताटकळत बसली.

ऐकताना बुवा टेबलावर तळहात पालथा ठेवायचे. मग निकाल. "ह्यो टिकाचो नाय. सगळा एकटोच गाता, कोरसाक कायच ठेवूक नाय." बुवानं ओळ टाकली की मागच्यांना ती उचलायला जागा हवी, आणि ज्या अल्बमात ती जागा आहे तो वर्षभर खपणार, असं त्यांचं शास्त्र. मला म्हणायचे, "भाषा कळाक नको, साहेब. लोकांका खंय आत येवचा ता कळला म्हणजे झाला." इरा त्यांच्याशी घडाघडा मराठी बोलायची. एकदा चक्क मालवणीत म्हणाली, "बुवाकाका, माका वाटता ह्यो पयलो येतलो." मी दिवाणखान्यात पेटी पुसत होतो. माझ्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

मग मीही कामावर जाता-येता गाडीत ते अल्बम ऐकू लागलो. एका शुक्रवारी जेवताना त्यातल्या स्वररचनेवर चांगली दहा मिनिटं बोललो. "ओके, बाबा," म्हणून इरा बुवांकडे वळली. बुवांनी भात कालवत माझ्याकडे पाहिलं नाही, याचाही मला राग आला.

त्या वर्षी दोन अल्बमांत चुरस होती आणि बुवांनी अजून कौल दिला नव्हता. ऑक्टोबरात त्यांचं कंत्राट संपलं, इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, पुढे वाढला नाही. निघताना इराला रडू आवरेना. "रडतस कित्याक? यादी अजून येवची आसा," म्हणत त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी त्यांना विमानतळावर सोडलं आणि परत येताना, खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटत होतं.

महिन्याभरानं माझ्या फोनवर त्यांचा व्हॉइस मेसेज आला. इराकडे स्वतःचा फोन नाही. "साहेब, बायेक सांगा, निळ्या कवराचो पयलो येतलो. दुसरो बरो आसा, पण तो एकदाच ऐकाचो. ह्येका लोक घराक नेतत." मी तो निरोप दोनदा ऐकला आणि पुसून टाकला.

जेवताना सहज म्हणाल्यासारखं म्हणालो, "मला वाटतं, निळ्या कव्हरचा पहिला येईल."

इरानं मान वर केली. "का?"

"दुसरा चांगला आहे, पण तो एकदाच ऐकायचा. ह्याला लोक घरी नेतात."

"बाबा, तू खरंच ऐकलास?" तिनं खुर्ची जवळ ओढली. अर्धा तास आम्ही बोललो. मराठीत. इतका सुखी मी गेल्या कित्येक वर्षांत झालो नव्हतो.

डिसेंबरात यादी आली. निळा पहिला. इरानं माझाच फोन उचलून बुवांना व्हिडिओ कॉल लावला आणि मला खेचून शेजारी बसवलं. "बुवाकाका, बाबानं महिनाभर आधीच सांगितलं होतं. तुम्ही तर काही कळवलंच नाही."

बुवा अंगणात बसले होते. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"माका खंय जमला गो," ते म्हणाले. "तुझ्या बापाशीचो कान माझ्यापेक्षा बरो. आता तेकाच इचारीत जा."

इरा आता मलाच विचारते. माझे अंदाज बहुतेक चुकतात, तरी विचारते. खरं काय ते तिला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही, आणि बुवांनी ते कधी काढलं नाही. त्यांच्या गळ्याचा, कानाचा, त्यांच्याभोवती जमणाऱ्या माणसांचा मी हेवा केला. तो हळूहळू गेला. पण आपला मान इतक्या सहज उचलून दुसऱ्याच्या ताटात वाढता येतो, याचा हेवा काही केल्या जात नाही.