काळ्या पिशवीतलं कार्ड

मांडवगण फराट्यात म्हाळू कोळपेच्या कॅमेऱ्यापुढं बसला नाही असा माणूस सापडायचा नाही. पासबुकावर चिकटवलेला फोटो त्याचा, लग्नाच्या अल्बममधला त्याचा, आणि माणूस गेल्यावर ज्याला हार घालतात तोही त्याचाच. एसटी स्टँडच्या मागं दहा बाय दहाची खोली, आणि वर पाटी, ‘धनश्री फोटो स्टुडिओ’. धनश्री म्हणजे त्याची मुलगी.

म्हाळू जन्मानं धनगर. लहानपण वडिलांच्या मेंढरांमागं फिरण्यात गेलं. पुढं घरानं मेंढरं विकून शेती धरली आणि म्हाळू दौंडला एका फोटोवाल्याकडं कामाला लागला. रेल्वेतल्या लोकांना पासासाठी सारखे फोटो लागायचे, दुकान जोरात होतं. तिथल्या अंधाऱ्या खोलीत रोल धुता धुता तो शिकला. मला म्हणायचा, “आबा, दीडशे मेंढरांतलं कंचं आजारी हाय ते म्या तोंडावरनं वळखायचो. माणसाचं त्वांड लई सोपं. माणूस निदान उभा तरी ऱ्हातो.”

उभं राहण्यावरून आठवलं. आमच्या ज्ञानूला आपला खिलार बैल विकायचा होता. गिऱ्हाइकाला दाखवायला फोटो हवा, आणि बैल काही कॅमेऱ्याकडं बघेना. शेवटी म्हाळू गुडघ्यावर बसला आणि चुकलेल्या कोकरासारखा असा काही ओरडला, की बैलानं कान टवकारून थेट काचेत पाहिलं. फोटो इतका झकास निघाला की ज्ञानूनं बैल विकायचंच रद्द केलं. त्याची बायको म्हणाली, “माझा येवढा फोटो कवा लावला न्हाई भितीवर!” असो. मी सांगत होतो कार्डाचं.

गोष्ट २००६ सालच्या उन्हाळ्यातली. म्हाळूनं नुकताच रोलचा कॅमेरा बाजूला ठेवून डिजिटल घेतला होता. पहिलंच मोठं लग्न मिळालं ते जयसिंगच्या मुलीचं, नीलमचं. जयसिंग आणि त्याचा थोरला भाऊ तात्याबा यांचं नऊ वर्षांपासून बोलणं नव्हतं. सोसायटीच्या निवडणुकीत दोघं दोन पॅनेलमधून उभे राहिले, आणि दोघंही पडले. त्या पडण्याचं खापर आजतागायत एकमेकांवर. त्यांची आई कस्तुराबाई ऐंशीच्या घरातली. तिनं हट्ट धरला, “थोरला आला न्हाई तर मी मांडवात पाय ठिवणार न्हाई. आन् दोन्ही लेकरांच्या मधी बसून मला येक फोटू पायजे.”

तात्याबाला समजवायचं काम माझ्याकडं आलं. चार खेपा घातल्या. आला बुवा एकदाचा, फेटा बांधून. मांडवात लाल खुर्चीवर आई, एका अंगाला तात्याबा, दुसऱ्या अंगाला जयसिंग. म्हाळूनं फोटो काढला. मी बाजूला उभा राहून डोळे भरून पाहिलं.

आणि पुढच्या तासाभरात सगळं फिसकटलं. माईकवर सत्काराची नावं पुकारायला लागले. आधी आमदारांचे मेहुणे, मग कारखान्याचे संचालक, मग दूध डेअरीवाले, आणि मुलीच्या सख्ख्या चुलत्याचं नाव अकरावं. तात्याबानं अकरापर्यंत मोजलं आणि न जेवता निघून गेला. जाताना मला म्हणाला, “बघितलं का आबा? ह्यो मान.” म्हणजे आता पुन्हा त्या दोघांना एका जागी उभं करणं कुणाच्या हातात राहिलं नाही. जो काय फोटो निघाला तो निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळू माझ्या ओट्यावर. तोंड उतरलेलं, कुशीत काळ्या कापडाची पिशवी. मी म्हटलं, “काय रं, मांजराचं पिल्लू आणलंस काय?”

“कॅमेरा हाय आबा. काल सांच्याला बंद पडला. फोटू दाखवंना. काचंवर इंग्रजीत दोन वळी आल्या. अक्षर अक्षर लावून ‘कार्ड’ येवढं वाचलं. खाली इचारत होता, यस का नो.”

“मग?”

“मला काय सवाल कळला न्हाई. कळल्याबिगर जबाब कसा द्यायचा? म्हणून कशालाच हात लावला न्हाई. पिशवीत घातला आन् सरळ बांधला.”

ही पिशवी रोलच्या काळातली. रोल आत अडकला की कॅमेरा त्या दुहेरी कापडाच्या पिशवीत घालायचा, बाह्यांतून हात सारायचे आणि चाचपून रोल काढायचा. उजेडाचा एक कण लागला तरी फोटो जळतात. म्हाळूनं तोच नेम कार्डाला लावला. कार्डाला उजेड लागू नये म्हणून रात्रभर पिशवी पेटीत, पेटीवर घोंगडी. मलाही ते बरोबरच वाटलं. खोटं कशाला सांगू?

“कस्तुराकाकीनं सकाळीच नातीला धाडलं हुतं,” म्हाळू म्हणाला. “फोटू कवा मिळतोय म्हणून. काय सांगू तिला? आबा, चला की दौंडला माझ्यासंगं.”

जीपनं भीमा ओलांडून आम्ही दौंडला गेलो. जीपमध्ये पंधरा माणसं. मांडीवरची पिशवी बघून एका बाईनं विचारलं, “देव हायेत का?” म्हाळू म्हणाला, “व्हय.” बाई सरकून बसली, जागा झाली.

स्टेशनाजवळ संपतचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पोरगं रेल्वेवाल्याचं, पुण्याला शिकून आलेलं. म्हाळूनं आधी त्याला दार लावायला सांगितलं, मग खिडकी. संपतनं लावली. मग म्हाळू म्हणाला, “दिवा पण घालीव.” तेव्हा मात्र संपत हसत सुटला.

“मामा, कार्डाला उजेड लागत न्हाई! उन्हात वाळत घातलं तरी फोटो जळायचे न्हाईत.”

म्हाळूचा चेहरा पडला. पण संपत लगेच गंभीर झाला. “येक सांगा. बंद पडल्यावर ह्या कार्डावर आणखी फोटो काढले का? यस दाबलं का?”

“छ्या! अडकलेल्या रोलला बोट लावत न्हाईत.”

“मग जमंल कदाचित. यस म्हंजी कार्ड पुसायला हो म्हणणं. लोक घाबरून यस दाबत्यात, न्हाईतर वर नवीन फोटो काढत बसत्यात, आन् मग माझ्याकडं येऊन रडत्यात. हे बघा मामा, कार्ड म्हंजी वही. कुठला फोटो कुठं हाय ते लिहिलेलं पहिलं पान फाटलंय. आतली पानं असतील तर येक येक करून चाळायची. तुमी वही तशीच गप ठिवली, हे बेस केलं.”

चुकीच्या कारणानं बरोबर काम झालं होतं. म्हाळूनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू त्याला आधीच ठाऊक होतं.

संपतनं कार्ड कॉम्प्युटरला जोडलं, चाळायला सुरुवात केली. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. सत्तावीस टक्क्यांना लाइट गेली. लोडशेडिंग, दुपारी तीनपर्यंत. बॅटरीवर दहा मिनिटं. संपत म्हणाला, “परत पहिल्यापासून करावं लागंल. आन् हे कार्ड किती दम धरंल सांगता येत न्हाई, सारखं चाळण्यात अर्थ न्हाई. चला आमच्या क्वार्टरला. रेल्वे कॉलनीत लाइट जात न्हाई.”

मग काय विचारता! रिक्षात संपतच्या मांडीवर कॉम्प्युटरचा तो मोठा डबा, म्हाळूच्या मुठीत कार्ड, आणि माझ्या मांडीवर पडदा. तेव्हाचे पडदे म्हणजे भरलेल्या पाटीएवढे जड. खड्डा आला की संपत ओरडायचा, “आबा, सांभाळा!” आणि मी म्हणायचो, “मला कोण सांभाळणार, बाबा?”

क्वार्टरमध्ये संपतच्या आईनं आम्हाला पोहे दिले. म्हाळूनं खाल्ले नाहीत. पट्टीसमोर मांडी घालून बसला, मेंढरू विताना धनगर बसतो तसा. हात लावायचा नाही, नजर हलवायची नाही. दोन तास गेले असतील. मग फोटो एकेक करून उमटायला लागले. हळद आली, वरमाला आल्या, आचारी आला, माईकवाला आला. क्रम काही नाही, सगळी उलटापालट.

आणि तो फोटो आला. वर मांडवाचं कापड, दोन फेटे, दोन कपाळं. तिथून खाली सपाट राखाडी. आईच्या जागी काहीच नाही.

“येवढाच वाचलाय, मामा,” संपत हळूच म्हणाला. “कार्डाचा तेवढा भाग मेलाय.”

संपत पुढचे फोटो सरकवत राहिला, आणि म्हाळू एकदम ओरडला, “थांब! ह्यो कुठनं आला? ह्यो तर म्या पुसला हुता!”

“पुसलेलेबी येत्यात, मामा. जागेवर दुसरं काय बसलं नसंल तर.”

ठरलेल्या फोटोच्या आधीचा तो फोटो. कस्तुराबाई बसायला गेली तेव्हा खुर्चीचा पाय मातीत रुतला होता. ती कलंडली. तात्याबानं तिला दंडाला धरलं, जयसिंगनं झेप घेतली आणि तोल सावरायला भावाचा खांदा पकडला. म्हातारीचा पदर ढळलेला, बोळकं उघडं, खळखळून हसतेय. तात्याबाही हसतोय, जयसिंगही. कॅमेऱ्याकडं कुणीच बघत नाही. म्हणून म्हाळूनं तो तिथल्या तिथं नापास केला होता.

गावी येऊन त्यानं मोठा काढून कस्तुराबाईला दाखवला. आधीच म्हणाला, “काकी, तुमी सांगितला तसा न्हाई निघाला. त्यो गेला. ह्यो हाय.”

म्हातारीनं फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. “माझं त्वांड बघा कसं उघडं पडलंय,” म्हणाली. मग दोघांच्या चेहऱ्यांवरून बोट फिरवलं. “हसत्यात की रं दोघं. धाकटं पोर झाडावरनं पडलं तवा असंच धरलं हुतं थोरल्यानं.” आणि जयसिंगला हाक मारली, “दारासमूर खिळा ठोक.”

आठवडाभरानं मी स्टुडिओत बसलो असताना तात्याबा आला. इकडचं तिकडचं बोलला, पावसाचं बोलला, मग म्हणाला, “म्हाळू, आईचा त्यो फोटू मलाबी येक दे. पर जयसिंगला कापून.”

म्हाळूनं फोटो काढून काउंटरवर ठेवला. “कापतो की. पर तात्या, त्याचा हात तुमच्या खांद्यावर हाय. माणूस कापला तरी पंजा ऱ्हाणार. उद्या नातवंडं इचारतील, आजोबाच्या खांद्यावर भूत कुणाचं?”

तात्याबानं फोटोतल्या त्या पंजावर अंगठा ठेवला, मग उचलला.

“जयसिंगनं केवढा लावलाय?”

“हातभर हाय.”

“मग माझा सव्वा हात काढ,” तात्याबा म्हणाला. “सगळा. कापू नगंस.”