काकूंच्या हातातला गळ

काका गेले आणि फोनवर फोन सुरू झाले. सांगली, नागपूर, कुठून कुठून. मासेमारीवर मराठीत लिहिणारा बनारसचा म्हातारा माणूस, पण वाचक घरचं कोणी गेल्यासारखे रडत होते. मी शेजारीण, त्यांचे लेख टाइप करून देणारी. मी कुणाची काय समजूत घालणार? माझंच मला आवरत नव्हतं.

त्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं, की काकांनी कित्येक वर्षं गळाला हात लावला नव्हता. काशीला आलेला मराठी माणूस आवडीचं काहीतरी सोडून जातो. बहुतेक लबाड! कारलं सोडतात, नाहीतर दुधी. काकू मरणाच्या दारात होत्या तेव्हा काकांनी शिंदे घाटावर पाण्यात उभं राहून मासेमारी सोडली. काकू उठल्या. पुढचं सगळं त्यांनी आठवणीतून लिहिलं. मी म्हणायचे, "काका, एकदा गुपचूप जाऊन या. गंगामैया कुठे चुगली करतेय?" ते हसायचे आणि चहा मागायचे.

तेराव्याला दानासाठी छत्री, चपला, अंथरूण मांडलं होतं. काकूंनी माळ्यावरची गळाची काठी काढून आणली आणि शेजारी ठेवली. गुरुजी गडबडले. "काकू, काशीत सोडलेली वस्तू त्यांच्या नावाने देता येत नाही."

"माझ्यासाठी सोडली ना? मग मीच परत देतेय."

"नाही देता येत हो."

माझं डोकंच फिरलं. पण गुरुजी बिचारे डोळे पुसत होते, त्यांच्याशी काय भांडणार! काठी भिंतीला टेकून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू दारात. एका हातात काठी, दुसऱ्या हातात डबा. डब्यात हिंग घालून मळलेली कणीक. पूर्वी पोळ्यांच्या कणकेतला असा गोळा त्या रोज काकांसाठी, गळाला लावायला, बाजूला काढायच्या. ओट्यावर मासा मात्र कधी चढला नाही. काका धरायचे आणि परत सोडायचे.

"चल, गंगेपलीकडे जाऊ. त्यांना नाही देता येत ना, मग त्यांच्या जागी जाऊन मी बसते."

नाववाल्याने आम्हाला वाळूवर उतरवलं आणि "हे भगवान" म्हणून तो बिडी ओढत बसला. काकांचं वाक्य न् वाक्य मी टाइप केलेलं, पण गळाला कणीक लावताना बोटाला टोचून घेतलं. दोरी जेमतेम पाण्यात पडली. काठी काकूंनी धरली. उन्हं वर आली, काही होईना. मी म्हटलं, "चला आता, चक्कर येईल तुम्हाला."

तेवढ्यात दोरीवरचं बूच बुडालं. काठी वाकली. काकू ओरडल्या, "अगं बाई! अगं, ओढतोय तो!" पोरीसारख्या हसल्या, खरंच. मला सगळं पाठ होतं, दोरी सैल सोडायची, झटका द्यायचा नाही. पण मी नुसतीच "काकू, काकू" ओरडत राहिले. नाववाला धावला, तोवर दोरी ढिली पडली. मासा निसटला होता.

काकू तशाच उभ्या राहिल्या. हसू ओठांवर तसंच होतं आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"मला वाटायचं, नुसते बसून असतात," त्या म्हणाल्या. "अगं, हे सोडलं त्यांनी? हे?"