मामांची मेढ आणि माझी डुकरं

माझ्या पुतणीच्या लग्नाची मुहूर्तमेढ मी एक दिवस आधीच रोवली. डुकरांच्या गोठ्यात.

(हसू नका. भावकी अजून हसत नाही.)

मुरुम गावाजवळ आमची शेती. घरामागं मी पांढरी डुकरं पाळलीत. दादांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, हा धंदा पहिल्यापासून नापसंत. "पाव्हण्यांनी इचारलं धाकटा काय करतो, तर काय सांगू?" असं ते म्हणायचे. मी म्हणायचो, "पशुपालन सांगा!"

आणि नेमकं लग्नाच्या तोंडावर डुकरांना खाज सुटली! भिंतीला, दाराला, माझ्या पायांना, मिळेल तिथं अंग घासायची. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "गोठ्यात एक खांब रोवा. त्याला पोतं गुंडाळून औषधाचं तेल ओता. घासता घासता औषध आपोआप लागतंय."

घरचे सगळे बस्त्याला सोलापूरला गेलेले. घर राखायला मी. मागच्या भिंतीला एक खांब टेकवलेला दिसला. सरळसोट, चांगला मांडीएवढा जाड. वाटलं, मांडववाल्याचा उरला असेल. खड्डा खणला, खांब उभा केला आणि (इथं माझी हुशारी नडली) बुडाशी सिमेंट ओतलं! डुकरं त्याला अशी भिडली, की मलाच माझा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वाजंत्री, हळदीकुंकवाचं ताट घेतलेल्या बाया आणि माकणीहून आलेले नवरीचे मामा. अंगावर कडक पांढरं धोतर. मांडव उभाच होता. मेढ तेवढी मुहूर्तावर रोवायची होती.

"मेढ कुठंय?" वहिनींनी विचारलं.

"मागं भिंतीला लावली हुती की परवा. माझ्या बांधावरच्या आंब्याची! नारळ फोडून तोडलीया," मामा म्हणाले.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "दिसायला... कशी होती?"

"मेढीवाणी!"

तेवढ्यात गोठ्यातून समाधानाचा हुंकार आला. मामांनी भिंतीवरून डोकावलं. तेलकट पोत्यात गुंडाळलेल्या त्यांच्या आंब्याला टेकून माझा सगळ्यात मोठा डुक्कर डोळे मिटून पाठ घासत होता.

"अरारारा! दाजी, हे काय केलाव?" मामा दादांवर ओरडले.

दादा माझ्याकडं वळले. "तुला घर राखाय ठिवलं हुतं का घराणं बुडवाय?"

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण तिथंही सिमेंट मीच ओतलेलं!

"आत्ता काढतो!" म्हणत मी खांबाला दोर बांधून ट्रॅक्टर जोडला. "भावजी, ऱ्हाऊ द्या, दुसरी आणू," वहिनी ओरडत होत्या. शरमेनं मला ऐकूच येत नव्हतं. खांब निघाला. सिमेंटच्या गोळ्यासकट निघाला. आणि गोळ्याबरोबर गोठ्याची भिंतही!

डुकरं बाहेर. समोर मांडव. काल सगळ्यांनी मिळून एका खांबावर भागवलेलं. आज प्रत्येकाला स्वतंत्र खांब! मांडव डुलला, वाकला आणि वाजंत्र्यांवर बसला. एका डुकराला खांब मिळाला नाही. त्यानं मामांच्या धोतरालाच तेलकट अंग घासलं.

मामांनी धोतर सावरलं. तडक मोटारसायकलवर जाऊन बसले.

"नवरीला दुसरा मामा बघा."

सगळ्यांचे चेहरे उतरले. आता नवरीला बोहल्यावर आणायचं कुणी? मी धावत जाऊन मामांचे पाय धरले. "मामा, मारा मला, पण पोरीचा मांडव सोडून जाऊ नका!" पाय धरल्यावर लक्षात आलं, हात तेलाचे होते. धोतराची उरलेली बाजूही गेली.

"हात लावू नगासा!" मामा किंचाळले.

तेवढ्यात नवरी, आमची सारिका, अनवाणी पळत आली. तिनं गाडीचं हँडल धरलं. "मामा, डुकरानं मेढ बाटवली, माझं लग्न न्हाय. तुमी गेलाव तर मी बोहल्यावर चढायची न्हाय."

मामांचे डोळे भरून आले. "व्हय गं माझी बाय," म्हणत ते उतरले आणि दादांची लुंगी नेसून त्यांनी स्वतः दुसरी मेढ तोडून आणली. मुहूर्त टळला, पण मेढ रोवली गेली. मी मात्र तेलानं निसटणारी डुकरं दिवे लागेपर्यंत पकडत होतो. पाणी पी म्हणूनसुद्धा कुणी हाक मारली नाही.

आता भावकीत कुठंही लग्न निघालं, की पत्रिका देतानाच मला मानाचं काम सांगतात, "काका, मेढ रोवून होईस्तोवर तुमी नळदुर्गचा किल्ला बघून या."

किल्ला मला आता गाइडपेक्षा जास्त पाठ आहे.