विहीणबाईंची टाळी

मैदानावर काचवाल्यांना सगळे ‘गेलं’ म्हणूनच ओळखत. चेंडू समोरच्या संघाच्या पायात गेला रे गेला, की पत्र्याखालच्या बाकांवरून त्यांचा आवाज यायचा, “गेलं!” मग गोल होवो न होवो. आपला संघ पुढे असला तरीही यायचा. मंडळी हसायची, पण एखाद्या शनिवारी ते दिसले नाहीत, तर चुकल्याचुकल्यासारखं त्या मंडळींनाच व्हायचं.

संघही बेताचाच. बऱ्याच खालच्या श्रेणीतला, कधी वर न जाणारा आणि दर वर्षी आणखी खाली जाता जाता कसाबसा तगणारा. खेळाडूंपैकी कुणी गोदामात कामाला, कुणी टपाल वाटणारा. पण काचवाले तरुणपणापासून त्याच संघाचे. आठवडाभर दुकानात खिडक्यांच्या काचा कापायच्या, आरसे बसवायचे, आणि शनिवारी दुपारी मैदानावर जायचं. लग्न झाल्यावर बायकोही बरोबर येऊ लागली. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. शेजारच्या जागेवर आता ते आपली पिशवी ठेवत, म्हणजे कुणी बसू नये.

त्या शनिवारी घरात रंगकाम निघालं होतं. सूनबाईंची आई आठ दिवसांसाठी राहायला आलेली.

“बाबा, आईला रंगाच्या वासानं खोकला येतोय,” सून म्हणाली. “तिला न्या ना बरोबर.”

“सामन्याला?”

“मग तुम्ही घरी थांबताय का तिच्या सोबतीला?”

ते थांबणार नव्हतेच. वाटेत दोघांना बोलायला काही सुचेना. इतक्या वर्षांत त्यांचं बोलणं “बरं आहे ना?” आणि “हो, तुमचं?” याच्या पुढे कधी गेलं नव्हतं. विहीणबाई लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या, निवृत्त होऊन परगावी एकट्या राहत, एवढंच त्यांना ठाऊक.

बाकापाशी आल्यावर काचवाले क्षणभर थबकले. मग पिशवी उचलून त्यांनी मांडीवर घेतली. “बसा.”

“आपले कुठले?” विहीणबाईंनी विचारलं.

“निळे.”

“आणि ते पिवळे?”

“ते पाहुणे.”

थोड्या वेळानं पिवळ्यांनी तीन-चार जणांत चेंडू असा काही खेळवला, की विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या.

“अहो, ते पिवळे!” काचवाले दबक्या आवाजात म्हणाले.

“पाहुणेच ना? मग?”

पिवळ्यांनी गोल केला तेव्हाही त्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्या बाकांनी वळून पाहिलं. काचवाल्यांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांचं ‘गेलं’सुद्धा म्हणायचं राहिलं. पाठोपाठ निळ्यांच्या गोलकीपरच्या हातून साधा चेंडू निसटला आणि दुसरा गोल झाला. मागच्या रांगेतला धिप्पाड प्लंबर उभा राहून ओरडला, “अरे, घरी जाऊन झोप!”

विहीणबाई मागे वळल्या. “तोंड बघा त्याचं, केवढंसं झालंय. आणखी ओरडलात तर तिसराही सोडेल. बसा खाली.”

आवाज चढलेला नव्हता, पण वॉर्डातला होता. प्लंबर मुकाट्यानं बसला.

मध्यंतरात काचवाल्यांनी दोन कप चहा आणला. विहीणबाईंनी फुंकर घालत विचारलं, “राग मानू नका, पण दर वेळी नुसतं ‘गेलं’ म्हणायला येता का इथे?”

काचवाले हसले. मग कपाकडे बघत म्हणाले, “आमची वाटणी होती. ती म्हणायची, ‘होईल, होईल.’ मी म्हणायचो, ‘गेलं.’ दोघांचं मिळून ठीक चालायचं. आता तिच्या वाटणीचं कोण म्हणणार? मला नाही येत ते.”

विहीणबाईंनी चहा संपवला. खेळाडू मैदानात परतले तेव्हा म्हणाल्या, “मलाही नाही म्हणता येणार. वॉर्डात मुलांच्या आयांना सांगून सांगून माझं ‘होईल, होईल’ संपलं. आता समोर काही चांगलं झालं, की टाळी वाजवते. तेवढंच उरलंय.”

काचवाल्यांनी मान डोलावली. पुढचा अर्धा तास दोघं खेळ बघत राहिले.

खेळ कंटाळवाणाच चालला होता. माणसं उठून जायला लागली होती. तेवढ्यात निळ्यांचा एक काटकुळा खेळाडू अर्ध्या मैदानातून चेंडू घेऊन सुटला. त्यानं एकाला चकवलं, दुसऱ्याला चकवलं आणि लांबूनच असा फटका हाणला, की चेंडू खांबाला घासून आत गेला. लगेच शेवटची शिट्टी झाली. दोन-एक. हरलोच. प्लंबरनं बाकाला लाथ घातली. विहीणबाई मात्र दोन्ही हात वर करून उभ्या होत्या. आणि काचवालेही उभे होते. कधी उठले, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

घरी मुलानं विचारलं, “काय झालं?”

“हरलो. गोलकीपरनं घाण केली,” काचवाले म्हणाले.

“काय सुंदर गोल झाला शेवटी!” विहीणबाई म्हणाल्या.

मुलगा एकदा वडिलांकडे, एकदा सासूबाईंकडे बघत राहिला. “एकाच मैदानावर गेला होतात ना?”

विहीणबाई गावी परतल्या. पुढच्या सामन्याच्या संध्याकाळी काचवाल्यांचा फोन वाजला.

“काय केलं आपल्या मंडळींनी?”

“काही नाही. शून्य-शून्य.”

“म्हणजे बघण्यासारखं काहीच नाही?”

काचवाले आठवायला लागले. “तसं अगदीच नाही. त्यांचा एक बचावपटू, चांगला सुटलेल्या पोटाचा. चेंडू रेषेवर पोचलेला, आणि यानं आडवं पडून टाचेनं बाहेर काढला. आपला हातचा गोल गेला. पण काढला मात्र सुरेख.”

“टाळी वाजवलीत?”

“छे! तेवढं अजून जमायचं नाही.”

“बरं, काढला कसा, ते तर सांगा.”

“असा बघा,” म्हणत काचवाले उठले. एका हातात फोन आणि दुसऱ्यानं टेबलाचा आधार घेत ते एका कुशीवर वाकले. पाय मागे नेऊन टाच उचलून त्यांनी दाखवली. सून जेवायला बोलवायला दारात आली होती. ती हसली आणि आत जाऊन तिनं आमटीखालचा गॅस बारीक केला.