लाथ आणि नमस्कार

बडोद्याच्या एका दवाखान्यात मी कंबर दाखवायला गेलो होतो. शेजारी व्हीलचेअरवर एक गृहस्थ पेपर वाचत बसले होते. अचानक त्यांचा उजवा पाय उडाला आणि माझ्या नडगीवर बसला. मी ओरडणार, तोच त्यांनी वाकून माझ्या गुडघ्याला हात लावला, तो स्वतःच्या कपाळाला लावला आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

दुखणं कमरेचं आणि मार नडगीला! पाचव्या लाथेपर्यंत मीही उलट नमस्कार करू लागलो होतो. खुर्ची बदलावी, हे काही सुचलं नाही.

"नंदेसरीला कारखान्यात शिडीवरून पडलो," ते म्हणाले. "तेव्हापासून कमरेखाली काही कळत नाही. पोटातली लघवीची पिशवी भरत आली की हा पाय लाथा झाडतो, मग कपडे ओले. आता डॉक्टर पाठीतल्या दोन-चार नसा कापून आत मशीन बसवणार. बटण दाबलं की लघवी. एकदम सरस!"

"आणि पाय?"

"तोपण शांत पडेल, म्हणतात."

तेवढ्यात त्यांना आत बोलावलं. खुर्ची वळताना पाय पुन्हा उडाला आणि मलाच लागला. मी सवयीने हात जोडले. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वाकून स्वतःच्याच पायाला हात लावला आणि हात कपाळाला टेकवला.

"कमरेखाली हा एकटाच अजून ड्यूटीवर होता," ते म्हणाले.