साताऱ्याहून सांगलीला, चहाच्या जोरावर

एप्रिलातल्या भर दुपारी आम्ही साताऱ्याहून निघालो, ते सांगलीला माझ्यासाठी मुलगी बघायला. माझं वय छत्तीस, आधी अकरा नकार पचवलेले. म्हणून आईने बजावलं होतं, की तिथे तोंड फक्त खायला उघडायचं. गाडी मामाची. पंधरा वर्षांची जुनी, पण तिचा एसी आपोआप चालणारा, याचा मामाला कोण अभिमान. आपण फक्त आकडा सांगायचा, बाकी तिचं ती बघते, हे त्याने शेंद्रे येईपर्यंत तीनदा सांगितलं.

नागठाण्याच्या पुढे गाडीने तिचं तिचं बघितलं आणि गरम वारा सोडला. मामाने बावीसचा आकडा अठरावर आणला, तरी वारा तापतच गेला. आईचं कुंकू ओघळून नाकावर आलं. माझ्या इस्त्रीच्या शर्टाचं तर बोलायलाच नको.

उंब्रजच्या मेस्त्रीने गॅस तपासला, तो भरलेला होता. मग त्याने डॅशबोर्डवरच्या बारीक जाळीशी कागदाचा कपटा धरला. तो जाळीला चिकटायला हवा होता, पण खाली पडला.

"हितनं गाडी आतली हवा हुंगती. आतला सेन्सर खुळावलाय," मेस्त्री म्हणाला. "तिला वाटतंय, लय थंडी हाय."

नवा सेन्सर पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. मेस्त्रीने विचार करता करता हातातला चहाचा ग्लास जाळीला टेकवला आणि थोड्या वेळात गार वारा सुटला. गाडीला उकडायला लागलं होतं. मामाला भरून आलं.

मग काय, मी पुढच्या सीटवर ग्लास धरून बसलो. चहा निवला की गाडीला पुन्हा हुडहुडी भरायची. कराड, पेठ नाका, आष्टा, जिथे टपरी दिसेल तिथे नवा कडक चहा. निवलेला ओतून देणं आईला पटेना. तिला पित्त, मामाच्या हातात स्टिअरिंग, म्हणून तो मीच प्यायचो. सांगलीत शिरलो तेव्हा माझ्या पोटात नऊ चहा होते.

पोहे झाले आणि शुभांगी चहाचा ट्रे घेऊन आली. मला ती बघताक्षणी आवडली. पण दहावा चहा घशाखाली उतरणं शक्य नव्हतं. मी हात आडवा करून "नको" म्हणालो.

आमच्याकडे मुलीच्या हातचा चहा नाकारणं म्हणजे मुलगीच नाकारणं. तिच्या वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मंजी, पोरगी पसंत न्हाई म्हणायची?"

आईने चिमटा काढला, पण मी जाळीपासून आष्ट्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. हाही नकार आता ठरलेलाच, असं वाटून मला रडू यायचं बाकी होतं. शुभांगीने शांतपणे ऐकून घेतलं.

"आवं, पण नुसतं गरम पाणी धरलं असतं तर चाललं नसतं का?"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. माझ्या वाटणीचा चहा तिने उचलला आणि तिथेच उभ्या उभ्या पिऊन टाकला.

निघताना तिने पाठ शेकायची रबरी पिशवी उकळत्या पाण्याने भरून माझ्या हातात दिली. आजीची हाय, परत आणून द्या, म्हणाली.

परतीला गाडी थेट साताऱ्यापर्यंत गार राहिली. या रस्त्याने इतक्यांदा गेलो, पण इतक्या सुखात कधीच आलो नव्हतो. आमच्या घरात असं एक तरी डोकं हवं, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. घरात पाऊल ठेवताच आई म्हणाली, पिशवी उद्या कुरिअरने पाठवून देऊ. मी म्हटलं, आजीची वस्तू आहे, मीच नेऊन देतो.