फुलाबाईच्या मागून

फुलाबाईला दोन आवाज होते. एक झिंगे, म्हणजे तलावातली कोळंबी, विकायचा. सकाळी डोक्यावर टोपली घेऊन ती एकोडीत शिरली, की पहिल्या घरापाशी दिलेली "झिंगे घ्या वो झिंगे" ही हाक गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू यायची आणि गल्लीतली मांजरं तिच्यामागे चालू लागायची. दुसरा आवाज नाटकाचा. तो इतका हळू, की स्टेजवर पाच बाया उभ्या असल्या तरी जिचं वाक्य असेल तिला वाटायचं, फुलाबाई आपल्याच कानाशी बसली आहे.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक हवंच. स्टेजपुढच्या खड्ड्यात पेटीवाला, तबलेवाला आणि प्रॉम्प्टर बसतो. प्रॉम्प्टरने वाक्य सांगायचं आणि नटाने ते उचलायचं, ही इथली रीत. फुलाबाईचा बाप दिवसा तलावात जाळं टाकायचा आणि नाटक असलं की त्या खड्ड्यात बसायचा. त्याच्या मांडीवर बसून ती वाचायला शिकली. रात्रीचं नाटक पुरुषांचं, म्हणून तिने मंडईच्या दुपारी बायकांचं नाटक सुरू केलं.

त्यात ती घ्यायची कोणाला? नाटकाची हौस असलेल्या बाया आपसूक यायच्याच. पण जिचं पोर गेलं आहे, जिला नवऱ्याने टाकलं आहे, जी कित्येक दिवसांत अंगणाबाहेर दिसली नाही, तिच्या दारात ही मुद्दाम टोपली उतरवायची. "मले राजा पायजे. तू होतं का?" ती बिचारी म्हणायची, मले नाही येत. "तुले कायले याले पायजे? मी बोलतो, तू माह्या मांगून बोल."

मी मात्र घरून पाठ करून जायची. बारावी शिकलेली मी, कुणाच्या तोंडाकडे बघत उभं राहणं मला कमीपणाचं वाटे. फुलाबाई पहिल्याच वाक्याला ओळखायची. मी घरातली मोठी सून, म्हणून ती मला 'मोठे' म्हणायची.

"मोठे, तू पाठ करून आली."

"काहून, वाईट आहे का?"

"पाठ केलं तं मानूस एकटाच बोलते. मांगून बोललं तं दोघं रायतात."

मला हे तिचं खूळ वाटायचं.

मग एका उन्हाळ्यात माझा धाकटा दीर मोटारसायकलवर साकोलीला निघाला. माझी जाऊ वनिता दारापर्यंत आली आणि रोजच्यासारखं "सांभाळून जा" म्हणाली. मी अंगणात गहू पाखडत होते. तासाभरात हायवेवरून निरोप आला.

त्यानंतर वनिता बोलायची थांबली. रडलीसुद्धा नाही. हाक मारली की बघायची, ताट दिलं की दोन घास खायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी तिला झोप लागू लागली, पण तोंड उघडेना. पोळ्याच्या सुमाराला एका सकाळी फुलाबाई तिला हाताला धरून घरी घेऊन आली. दोघींची लुगडी कमरेच्या वरपर्यंत ओली होती. फुलाबाई डोंग्यात बसून जाळं काढत असताना वनिता तलावात पुढे पुढे चालत जाताना तिला दिसली होती. गावात तिने याचा चकार शब्द काढला नाही. मला फक्त एवढंच म्हणाली, "डॉक्टरले आजच सांग. अन् इले एकटी ठेवू नको. संध्याकाळी तालीमले पाठव."

सासूबाई कडाडल्या. "माह्या पोराले वर्ष नाही झालं अन् सून तोंडाले रंग लावन?"

"रंग नाही लावत, बाई. म्हातारी करतो. पांढरं लुगडं, तीन वाक्यं," फुलाबाई म्हणाली. मग आवाज उतरवून, "गोळी बी खाऊ दे, तालीमले बी येऊ दे. एक पोरगं गेलं तुमचं. आता सून सांभाळा."

सासूबाई आत निघून गेल्या, पण संध्याकाळी वनिताला शाल त्यांनीच दिली.

देवळाच्या मंडपात तालीम असायची. वनिताचं वाक्य आलं की फुलाबाई ते सांगायची आणि थांबायची. बाकीच्या बाया चुळबुळ करायच्या, पेटीवाला जांभया द्यायचा, आणि फुलाबाई आपली वनिताकडे बघत बसलेली. "थांबा ना. कुठं जाचं आहे तुमाले?" मग स्वतःच ते वाक्य म्हणून पुढे जायची. दसऱ्याच्या आसपास वनिताचे ओठ हलू लागले. पुढे पहिली दोन वाक्यं कुजबुजण्याइतकी बाहेर आली. तिसरं मात्र ओठांतच राहायचं. ते होतं, "जाय बाबू, सांभाळून जाय." नाटकातला मुलगा नागपूरला निघतो तेव्हा आईने म्हणायचं. हे वाक्य बदला, असं मी फुलाबाईला सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, ओठांतल्या ओठांत निभून जाईल.

मुलगा मी होते. मिशी, धोतर, खांद्याला पिशवी. पुढचे दोन अंक नागपूरचे आणि त्यात माझं लांबलचक भाषण. आरशासमोर घोटून घोटून पाठ केलेलं.

मंडईच्या दुपारी मांडव भरला होता. पहिल्या रांगेत सासूबाई. मी पिशवी उचलून दाराकडे वळले.

"जाय बाबू, सांभाळून जाय," खड्ड्यातून आवाज आला.

वनिता माझ्याकडे बघत राहिली. फुलाबाईने पुन्हा सांगितलं. मांडवात कुजबुज वाढली. फुलाबाईने तिच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहिलं, हातातलं पुस्तक मिटलं आणि मांडीखाली घातलं.

"नको जाऊ," ती म्हणाली.

"नको जाऊ," वनिता म्हणाली. मग कुणी न सांगता, मांडवाच्या शेवटापर्यंत जाईल अशा आवाजात, "नको जाऊ! काहून गेला मले सोडून? काहून गेला?" माझा सदरा दोन्ही मुठींत धरून ती ढसाढसा रडू लागली. इतक्या महिन्यांचं रडणं होतं ते. खाली सासूबाईंनी पदर तोंडाशी नेला होता.

आणि मी? मला पुढचं सगळं पाठ होतं, पण त्यात या प्रश्नाला उत्तर नव्हतं. मी वाकून कुजबुजले, "फुलाबाई, पुढं नागपूर आहे."

"नागपूर राहू दे. म्हन, नाही जात, माय."

"नाही जात, माय," मी म्हणाले.

तिथून पुढचं नाटक फुलाबाईने पुस्तक न उघडता जागच्या जागी रचलं. नागपूरचा पोलीस गावात आला, नागपूरची शेठाणी मुलाची मावशी झाली. बाकी एकही बाई अडखळली नाही, कारण पुढे काय आहे हे कुणालाच पाठ नव्हतं. अडखळत होते ती फक्त मी. दीड तास ती बाई खड्ड्यात बसून प्रत्येकीच्या तोंडात वाक्य ठेवत होती, मधूनमधून वनिताकडे बघत होती, तिला पेलेल एवढंच तिला देत होती. माणसाच्या हातून असं काही होऊ शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं.

वनिता एका दुपारीत बरी झाली नाही. गोळ्या पुष्कळ दिवस चालू राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ नाही म्हणून तिने मला ऐकवलं, आणि मी ते हसत हसत ऐकून घेतलं.

काही वर्षांनी फुलाबाईला लकवा मारला. वाचा गेली, दोन्ही आवाज गेले. वनिता रोज दुपारी तिच्या ओसरीवर जाऊन बसायची. "झिंगे घ्या वो झिंगे," ती हळूच म्हणायची आणि थांबायची. मी एकदा सोबत गेले होते. फुलाबाईचा ओठ वाकडा हलला, "झिं..." एवढंच आलं. मी काहीतरी बोलणार, तर वनिताने मला हाताने अडवलं. "थांबा ना, ताई. कुठं जाचं आहे तुमाले?"

यंदा धान कापायच्या आधी फुलाबाई गेली. मंडईला बायकांचं नाटक झालं. खड्ड्यात वनिता बसली होती, मांडीवर तेच जुनं पुस्तक.

मी एक ओळही पाठ केली नव्हती.